लहानुबाईची सांदवाडी

आरमोरीच्या आठवडी बाजारात मी कारली निवडत होते. सकाळभर पडून पाऊस नुकताच थांबला होता, पायाखाली चिखल होता, आणि मागून कुणीतरी "नर्सबाई" अशी हाक मारली. वळून पाहिलं तर तुकारामभाऊ. कुरखेड्याच्या पलीकडे, नाल्याच्या काठावरच्या ज्या गावात मी चार वर्षं नर्स म्हणून काढली, तिथले हे शेजारी. बांबूच्या टोपल्या विणतात आणि अधूनमधून विकायला आरमोरीपर्यंत येतात. जूनमध्ये माझी बदली इकडे झाली, तेव्हापासून ते दोनदा भेटले होते, आणि दोन्ही वेळा त्यांच्याजवळ लहानुबाईनं माझ्यासाठी दिलेलं काहीतरी होतं. एकदा दोडके, एकदा अंबाडीची जुडी. म्हणून मी हसतच विचारलं, "काय भाऊ, आज काय पाठवलं लहानुबाईनं?"

"निरोप पाठोला बाई," ते म्हणाले. "पन ती नाई राह्यली आता. शुक्रवारी गेली."

माझ्या हातात कारलं तसंच होतं. "काऊन? काय झालं?" चार वर्षांत तिथली बोली माझ्या तोंडात बसली होती, ती अशा वेळेला आपोआप बाहेर यायची.

"का झालं ते आमाले समजेच ना. पाण्याले भेत होती. पाण्याची भरली गुंडी दिसली का किंचाळे. घोट घशाखाली जाये ना. तीन दिवसांत खेळ खलास." त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "अन् मराच्या आधी वंदनाले सांगून गेली, नर्सबाईले धुंडा. तिले म्हना, कवडीले तूनंबी धरलं होतं. पोटातल्या चौदा सुया घे म्हना. आजच्या आज घे."

पाण्याला भेत होती, एवढं ऐकल्यावरच मला कळलं होतं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी हे आम्हाला शिकवलं होतं आणि परीक्षेत मी ते बिनचूक लिहिलंही होतं. निरोपाचा अर्थ कळायला मात्र थोडा वेळ लागला. मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं... भाजीवाली विचारत होती, बाई, तोलू का?

कवडी ही लहानुबाईची कालवड. पण कवडीचं सांगायचं तर आधी लहानुबाईचं सांगायला हवं.

मी वर्धेकडची. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा माझी पहिली नेमणूक त्या गावात झाली. उपकेंद्राची इमारत अर्धवट बांधून पडलेली, म्हणून लहानुबाईच्या घराची पडवीलगतची खोली मला राहायला मिळाली. पन्नाशीची, काटक, अंगानं नावासारखीच लहान बाई. नवरा लेक वंदना पाळण्यात असतानाच गेलेला. छपन्न साली त्याच्यासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात अंगारा-धुपारा बंद म्हणजे बंद, हे तिनं मला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं. गावाबाहेर दीड-दोन एकराची धानाची बांधी होती, पण तिचा जीव घरामागच्या सांदवाडीत. तिकडे परसातल्या भाजीच्या वाडीला सांदवाडी म्हणतात. बांबूच्या कुंपणाच्या आत एक विहीर, वांग्यांचे वाफे, भेदरे म्हणजे टोमॅटो, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, कुंपणावर चढलेल्या पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, कारल्याचा मांडव, कोपऱ्यात चार केळी. एका बाजूला गुरांचा कोठा. त्यात एक गाय, चार शेळ्या, आणि कुठेही अंडी घालत फिरणाऱ्या कोंबड्या. त्यातल्या एका तांबड्या कोंबडीला माझ्या लसीकरणाच्या रजिस्टरांचा खोका इतका आवडला, की शेवटी मी रजिस्टरं खाटेवर ठेवली आणि खोका तिला देऊन टाकला.

माझ्या न्हाणीचं पाणी सांदवाडीत जायचं. आठवडाभरानं एका सकाळी लहानुबाई न्हाणीच्या बांबूच्या ताट्याबाहेर येऊन उभी राहिली. "बाई, आज साबन लावतेस का?"

मी आतून गोंधळून विचारलं, "का बरं?"

"लावत असशीन त पानी केळीकडे वळवते. नसशीन लावत त सांबाराकडे. काल तू न सांगता लावलं, माहा वाफा तोंड वाकडं करून बसला."

तेव्हापासून चार वर्षं मी आंघोळीला जाताना ओरडून सांगत असे, साबण आहे, किंवा साबण नाही. गल्लीतून जाणारे लोक हसत. ती मात्र गंभीरपणे खुरप्यानं पाट फिरवी. तिचं सगळं असंच होतं. घरातलं काही वाया जायचं नाही. तांदळाचं धुवण गाईला, भाजीची देठं शेळ्यांना, कोठ्यातलं शेण वाफ्यांना. दिवसभरात ती बसलेली मला फक्त एकदा दिसे, दुपारी कारल्याच्या मांडवाखाली, आणि तेव्हाही हात बी निवडत असायचे.

त्या मांडवाखालीच माझं खरं उपकेंद्र चाले. पहिले सहा महिने गावातली एक बाई माझ्याकडे आली नाही. नर्स म्हटली की कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला धरून नेणारी, एवढंच त्यांना माहीत. मग लहानुबाईनं युक्ती केली. भाजी न्यायला आलेल्या बाईला ती बसवून घ्यायची, तिच्याशी इकडचं तिकडचं बोलायची आणि मधेच मला हाक मारायची, "बाई, जरा पाह्य वं हिच्याकडे, हिचं तोंड काऊन पांढरं दिसून राह्यलं?" कुणाचा पाय सुजतो, कुणाला दिवस गेलेत आणि ती सांगत नाही, कुणाचं लेकरू दूध ओढत नाही, सगळी खबर मला तिच्याकडून मिळायची. माझी नोकरी तिच्या वांग्या-भेदऱ्यांवर उभी राहिली, हे मी वरिष्ठांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

एक प्रसंग मला या दिवसांत सारखा आठवतो. तिसऱ्या वर्षी गावातल्या एका माणसाला पिसाळलेलं कुत्रं चावलं. तो जडीबुटीवाल्याकडे निघाला होता. मी समजावून थकले. लहानुबाई हातातलं शेण न धुता तशीच त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि साऱ्या गल्लीसमोर त्याला म्हणाली, "चौदा सुया मोज, नाईतर चार खांदेकरी मोज. काय मोजतोस ते तू सांग." तो माणूस गडचिरोलीला गेला, पोटात चौदा इंजेक्शनं घेऊन आला, आणि आजही नांगर धरतो आहे. म्हणजे हा रोग काय असतो, तो कशानं होतो, तो झाला की काय होतं, हे आम्हाला दोघींना माहीत होतं. कुत्र्याचं माहीत होतं. गाईचं माहीत नव्हतं.

कवडीचा जन्म मी पाहिला. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात, भल्या सकाळी, लहानुबाई धावत आली. गाय अडली होती, वासराचा एक पाय मुडपलेला. "चाल, तुयाच कामाचं हाये," म्हणत तिनं मला कोठ्यात ओढलं. मी घाबरून गेले होते. मी म्हणत होते, मी माणसांची नर्स आहे. ती म्हणाली, "माय ते मायच." तिनं हात घालून पाय सरळ केला, मी ओढलं, आणि ठिपक्याठिपक्यांची ती कालवड आम्हा दोघींच्या मांडीवर येऊन पडली. "तुया रजिस्टरात हिचं नाव लिह्य," लहानुबाई म्हणाली. अंगावरचे पांढरे ठिपके कवड्यांसारखे, म्हणून कवडी. पुढे ती मोठी झाली, खोडकर झाली, माझ्या दोरीवरचा पदर चघळू लागली, आणि या वर्षी ती गाभण राहिली तेव्हा लहानुबाईनं गावभर सांगितलं, जणू घरात सूनच होती.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कवडीनं खाणं सोडलं. तोंडातून लाळेच्या तारा गळत होत्या. हंबरायची, पण आवाज घोगरा, फाटलेला, दुसऱ्याच कुठल्या जनावरासारखा. मान ताणायची, गिळायला बघायची आणि गिळलं जायचं नाही. आंब्याचे दिवस. दारोदारी कोयी पडलेल्या. लहानुबाईनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "कोय अडकली."

मलाही तेच वाटलं. कुणालाही तेच वाटलं असतं, असं पुढे डॉक्टर म्हणाले. पण मी म्हणजे 'कुणीही' नव्हते, नर्स होते...

वंदनानं दावं आवळून धरलं. मी कवडीचा खालचा जबडा दोन्ही हातांनी पकडला. लहानुबाईनं बाही वर केली, हाताला तेल लावलं आणि कोपरापर्यंत हात तिच्या घशात घातला. चाचपून पाहिलं. काही नव्हतं. "खाली गेली असंन," ती म्हणाली. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दातांनी तिच्या हाताची पाठ खरचटली होती. माझ्या बोटाला सकाळीच इंजेक्शनची कुपी फोडताना काच लागली होती, त्या कापावरून ती लाळ मनगटापर्यंत ओघळली. मी हात धुतले, लहानुबाईच्या खरचटलेल्या हाताला आयोडीन लावलं, आणि जखम स्वच्छ केल्याचं समाधान मला वाटलं. तेही मला आठवतं. तिसऱ्या दिवशी दुपारी कवडी मागच्या पायांनी कोसळली आणि संध्याकाळपर्यंत गेली. तुकारामभाऊंनी तिला ओढून नेऊन बांधीच्या कडेला पुरलं. लहानुबाई दोन दिवस जेवली नाही. म्हणत राहिली, "पोटातलंबी गेलं वं बाई तिच्यासंगं."

पंधरा दिवसांनी माझी बदली आली. ती मला एस.टी.पर्यंत पोचवायला आली, डोक्यावर डांगर घेऊन. एवढा मोठा भोपळा गाडीत कुठे ठेवायचा यावरून कंडक्टरशी भांडली आणि जिंकली. मी खिडकीतून तिचा हात हातात घेतला. तिनं तो उलटा करून मला दाखवला. "पाह्य, तुयी दवाई. डागबी नाई राह्यला." आणि हसली. आमची ती शेवटची भेट.

बाजारातून मी खोलीवर गेले नाही. तुकारामभाऊंसोबतच कुरखेड्याची गाडी धरली, आणि पुढे नाल्याच्या गुडघाभर पाण्यातून चालत गावात पोचले. वंदना कोठ्यात होती. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, आईसारखीच बारीक. मला पाहून ती रडली नाही. शेळीच्या पुढ्यात पाला टाकत राहिली आणि टाकता टाकताच सगळं सांगितलं.

रोवणा चालला होता. लहानुबाई चिखलात उभी राहून धान लावत होती, तेव्हा हाताला मुंग्या येतात म्हणाली. चिखलानं येत असतील, असं सगळ्यांना वाटलं. रात्री ताप चढला. सकाळी चहाचा कप तोंडाशी नेला आणि घशाला असा झटका बसला की कप भिंतीवर जाऊन आपटला. गल्लीतले लोक म्हणाले, बाहेरचं आहे, भगत बोलवा. वंदना म्हणाली, माह्या मायनं आयुष्यभर जे दारात येऊ नाई देल्लं ते मी नाई येऊ देत. तिनं बैलगाडी जुंपायला लावली आणि आईला कुरखेड्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत नाला लागला. नाल्यावर काय झालं, ते तिनं मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं, कुत्रं चावलं होतं का? वंदना नाही म्हणत राहिली. मधल्या काही घटका या रोगात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, अगदी आपल्यासारखा. अशाच एका वेळी लहानुबाई खाटेवर उठून बसली. बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिली आणि डॉक्टरांना म्हणाली, "कुत्रा नाई साहेब. कवडी होती." त्या कोठ्यात काय झालं होतं, हे आम्हा दोघींत तिला कळलं. मरताना कळलं. मग तिनं वंदनाला सांगितलं, "माह्या तोंडाजवळ येऊ नोको. लाळ लागू देऊ नोको." आणि एकेक नाव घेतलं. वंदना. तुकारामभाऊ. गुरं चारणारा गायकी. नर्सबाई. कवडीला कुणीकुणी हात लावला होता ते आठवून आठवून सांगितलं आणि प्रत्येकाला चौदा सुया घ्यायला लावा म्हणाली. स्वतःसाठी काही मागितलं नाही. तिला माहीत होतं, मागण्यासारखं काही उरलेलं नाही.

"अन् मग तू गेली का नाहीस?" मी वंदनाला विचारलं. आई जाऊन पाच दिवस होत आले होते.

"कशी जाऊ? गाय कोन पाह्यल? शेळ्या कोनाच्या भरोशावर टाकू? चौदा दिवस बाई... अन् वाडीत सारं गवत माजून राह्यलं."

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधीच बोलले नसेन. मी म्हणाले, तुझ्या आईनं मरता मरता तुझं नाव घेतलं आणि तू गवताचं सांगतेस? तेव्हा मात्र ती रडली. आम्ही दोघीही रडलो. तुकारामभाऊंच्या बायकोनं गुरं आणि वाडी पंधरा दिवस सांभाळायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना, तुकारामभाऊ, गायकी आणि मी असे चौघे गडचिरोलीच्या गाडीत बसलो. गायकीनं गाडीत कबुली दिली. मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी जंगलाच्या कडेला एक अनोळखी कुत्रं गुरांमागं लागलं होतं. त्यानं काठीनं हाकललं. कवडीच्या मागच्या पायाला जरासं रक्त दिसलं, काटा लागला असेल असं वाटलं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तो ढसाढसा रडत होता. त्याला बोल लावायला माझ्याजवळ तोंड नव्हतं.

चौदा दिवस आम्ही तिथे एका ओळखीच्या घराच्या पडवीत राहिलो. रोज सकाळी रांगेत उभं राहायचं, बेंबीच्या एका बाजूला आज, दुसऱ्या बाजूला उद्या. पोट दगडासारखं होई. मी आजवर शेकडो लोकांना सुई टोचली, पण इतकी जाड सुई आपल्या पोटात जाताना पाहणं वेगळं. तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, मला ओळखता यायला हवं होतं ना? ते म्हणाले, "पिसाळलेली गाय कुत्र्यासारखी अंगावर येतेच असं नाही. पुष्कळदा नुसती लाळ गाळते, आवाज बसतो. घशात काही अडकलंय असंच वाटतं, आणि माणसं मायेनं हात घालतात." मग म्हणाले, "अशी ही पहिली नाही." त्यांनी मला धीर देण्यासाठीच सांगितलं असणार. मला धीर आला नाही. ज्यांना हे सांगायला हवं होतं त्या गावोगावच्या बाया, आणि ज्यांनी सांगायला हवं होतं ते आम्ही... हे लिहायचं ठरवलं त्याचं एक कारण तेही आहे. गाय-म्हैस लाळ गाळत असेल, आवाज बसला असेल, गिळत नसेल, तर तोंडात हात घालू नका. गुरांच्या डॉक्टरला बोलवा. एवढं एक वाक्य मला मे महिन्यात माहीत असतं!

आम्ही चौघेही आज ठीक आहोत. सुया उशिरा झाल्या, म्हणून अजून काही महिने वाट पाहायची आहे. रोज सकाळी मी पाण्याचा पेला भरते, डोळ्यांसमोर धरते, पहिला घोट घेते. तो खाली उतरला की दिवस सुरू होतो. हे मी घरच्यांना सांगितलेलं नाही.

शेवटची सुई झाल्यावर वंदनाला पोचवायला मी पुन्हा गावात गेले. सांदवाडीत खरंच गवत माजलं होतं. मांडवावरची कारली पिकून, फुटून, आतलं लालभडक बी दाखवत लोंबत होती. आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वंदना पाय धुऊन आत गेली, मी पडवीत टेकले. आतून तिनं हाक मारली, "बाई, गाईले पानी दाखवलं का कोनी, पाह्यता का जरा?"

मी उठले. मग ती दारात येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "दवाखान्यात नेलं त्या दिवशी सकाळी माय आत अंधारात, तोंडावर लुगडं घेऊन पडली होती. पान्याचा आवाजबी सहन होये ना. मी आंगनात गुंडी उचलली, त आवाजानं तिचं सारं अंग थरथरलं. मी गुंडी खाली ठेवली. त आतून म्हने, भर. थांबू नोको. गाईले पानी दाखव."

मी विहिरीवर गेले. बादली सोडली, वर ओढली, कोठ्यातल्या दगडी डोणीत ओतली. पुन्हा सोडली, पुन्हा ओतली. टाके दुखावे तसं पोट दुखत होतं. गाईनं मान खाली केली, पाण्यात नाकपुड्या बुडवल्या आणि शांतपणे, लांब लांब घोट घेत पीत राहिली. तिच्या गळ्यातून खाली उतरणारा एकेक घोट मला दिसत होता. डोणी रिकामी होईपर्यंत मी तिथून हलले नाही.